नियम सगळ्यांना सारखा

हा लिफ्टमन म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. घरमालक असो की भाजीवाला, आधी आला त्याला आधी वर नेणार. बायको चिडवायची, "आले आमचे न्यायाधीश!" आणि हा मनातून खूश व्हायचा.

साथ आली आणि इमारतीच्या कमिटीनं फर्मान काढलं: कामाला येणाऱ्यांनी जिन्यानं जायचं, लिफ्टमधून रोग पसरतो. यानं मान डोलावली. रोग पसरू नये, यात वाईट ते काय? पण पहिलं अडवायचं कुणाला, तर स्वतःच्याच बायकोला! नवव्या मजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं तीच करायची. नुकतीच त्याच साथीच्या आजारातून उठली होती, चार पायऱ्या चढली की धाप लागायची.

"अहो, आजच्या दिवस न्या ना. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना! तुला नेलं तर बाकीच्या बायकांना कोणत्या तोंडानं अडवू? नियम सगळ्यांना सारखा."

तिनं पिशवी उचलली आणि कठडा धरून चढू लागली. रोज चढली. जिन्यातून तिचा खोकला ऐकू यायचा आणि हा शहाणा लिफ्टमधला आरसा पुसत बसायचा. जीव तुटायचा हो त्याचा, नाही असं नाही. पण उठला कधी नाही.

मग एके दिवशी कमिटीचे सेक्रेटरी परदेशातून आलेल्या मुलाला घेऊन लिफ्टपाशी आले. मुलाचे डोळे लाल, खोकून खोकून बेजार. लिफ्टमन दारात आडवा उभा राहिला.

"साहेब, यांना जिन्यानं जाऊ द्या. रोग पसरेल."

सेक्रेटरींना हसूच आलं. "अरे, डोकं ठिकाणावर आहे का? तो नियम कामवाल्यांसाठी. घरच्यांना कसला?"

"पण साहेब, रोग..."

"बटण दाब."

त्यानं दाबलं. वर जाईपर्यंत तो खोकला त्याच्या मानेवर येत होता. ज्याला तो नियम समजत होता, ती नुसती कामाची माणसं लांब ठेवायची सोय होती. आणि ती या मूर्खानं इमानेइतबारे सांभाळली होती!

दुसऱ्या दिवशी बायको आली तसं त्यानं लिफ्टचं दार सताड उघडलं. "चल, ये आत. कोण काय म्हणतं ते बघतो मी."

"दार तेव्हाही तुमच्याच हातात होतं ना?" ती म्हणाली, आणि जिन्याकडे वळली.

थोड्या वेळानं वर कुठेतरी ती खोकत खाली बसली, ते त्याला ऐकू आलं. तो जिन्याकडे धावणार, तेवढ्यात सेक्रेटरींच्या मजल्यावरून बेल वाजली. लांबलचक, थांबेचना. त्यानं दार लावलं आणि लिफ्ट वर नेली.