लातूरची लाल पवनचक्की आणि पॅरिसचं नाचघर

उशिरा लिहितोय, माफी असावी. लातूरहून येऊन बरेच दिवस झाले, पण मी एका बोटानं टाइप करतो, आणि लिहावं की नाही याचीच धाकधूक होती.

माझ्या नातीचं, वैष्णवीचं, लग्न लातूरला ठरलं. मुलाकडच्यांनी जे कार्यालय पसंत केलं, त्याच्या दारावर लाल पवनचक्की आहे. नात हरखली. म्हणाली, "आबा, ही पॅरिसची नक्कल हाय," आणि मोबाईलवरून तिथला इतिहास वाचून दाखवला. सव्वाशे वर्षांहून जुनं नाचघर. चक्कीत दाणा कधी दळलाच नाही, नुसती शोभा. अंगणात भला मोठा पोकळ हत्ती. बायका झगे उचलून पाय डोक्याच्या वर फेकायच्या. पुढं आग लागली, काही वर्षांनी पुन्हा उभं केलं. मध्यंतरी तर चक्कीची पातीच गळून रस्त्यावर पडली.

मी सातवी शिकलेला. तरी अशा चक्कीखाली अक्षता टाकणं मला बरं वाटेना. पण मुलीकडच्यांनी कार्यालयाला नावं ठेवायची आमच्यात रीत नाही. म्हणून ठरवलं, जाऊन नुसता इतिहास सांगायचा. मुलाची आजी त्या घरात मोठी. ती ऐकून आपणच नको म्हणेल.

नांदेडहून एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत अर्धा दिवस धरा. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर तिकीट नाही, आधारकार्ड मात्र हाताशी ठेवा. मी ते सारखं काढून बघत होतो. कंडक्टर म्हणाला, "आबा, बघितलं मी. ठिवा आता आत." अहमदपूरच्या स्टँडवर भजी गरम मिळतात, तेल कधीचं ते विचारू नये.

लातुरात आधी कार्यालय बघितलं. चक्की पत्र्याची. ती बनवणारे सलीमभाई तिथंच होते.

"फिरती का ही?"

"मोटारीवर फिरती, चाचा. लग्नाच्या दिशीच लावतो. रोज कुणाला वारा घालायचा?"

"पाती पडत न्हाईत ना?"

"वेल्डिंग माझं हाय," ते म्हणाले आणि जरा दुखावले.

व्याह्यांकडं निलंगा राईस होता, भरपूर शेंगदाणे घातलेला. जेवताना मी पॅरिसचा सगळा इतिहास सांगितला, नाच जरा जास्तच. मुलाची आजी किल्लारीची, भूकंपात घर गेलेली. तिनं शांतपणे ऐकलं.

"जळलं आन् पुन्हा बांधलं. आमच्यासारखंच की. नाचाचं काय घेऊन बसलाव, भाऊ? वरातीत आपल्या बाया काय बसून राहत्यात?" मग म्हणाली, "पर पाती पडल्यावर त्यांनी खेळ केला का बंद ठिवला?"

"ते ठाऊक न्हाई."

"मग विचारा. आमचं घर पडलं, तरी आम्ही मोकळ्यावर चूल पेटवली. त्यांनी बंद ठिवला असंल तर ती चक्की भित्री, दुसरं कार्यालय बघू. तवर पत्रिका छापू नका."

घरी आलो. नातीनं मोबाईलमध्ये शोधलं, पाती पडल्यावरही खेळ चालूच होता, असं तिनं लातूरला फोनवर सांगितलं. आजी म्हणाली, "नवरीचा शब्द कसा धरू? तुला हॉल पायजे. तुझ्या आबाचाबी धरत न्हाई, त्यांना नको. तिसरा माणूस आणा."

त्या नाचणाऱ्या बायांचं मला आता काही वाटत नाही. नात वेळेवर ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही, त्याचं वाटतं. वाचणाऱ्यांपैकी कोणी पाती पडली त्या दिवसांत पॅरिसला असाल, तर जे झालं तेच लिहा, पण लवकर कळवा.