बॅनरवरचा आकडा

गाडीच्या धुराच्या पाइपात अंगठ्याएवढा ऑक्सिजन सेन्सर बसवतात. जळून उरलेल्या वायूत प्राणवायू किती शिल्लक आहे, एवढंच तो सांगतो. त्यावरून इंजिनाला पेट्रोल पुरतंय की नाही हे कळतं. जन्मभर धुरात बसून खरं बोलायचं, ही नोकरी काही हेवा करण्यासारखी नाही.

माझा पुतण्या निखिल त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या दिवंगत भावाची गाडी शर्यतीसाठी तयार करून घेत होता. गॅरेजात ताकद मोजायच्या रोलरवर चाकं गरगरत होती.

"पेट्रोल कमी पडतंय, शेठ," शिर्के मिस्त्री स्क्रीन बघून म्हणाले. "असंच पळवलंत तर पिस्टन वितळेल. पेट्रोल वाढवतो, टर्बोचा दाब उतरवतो. ताकद जरा कमी होईल."

"कमी होऊन कसं चालेल? चौकातल्या बॅनरवर हॉर्सपॉवरचा आकडा छापलाय! सेन्सर बदला," निखिल म्हणाला.

बदलला. नवाही तेच म्हणाला.

"काका, हल्ली मालच असला येतो," निखिल मला म्हणाला.

छातीत दुखायला लागल्यावर भावानेही असेच डॉक्टर बदलले होते. तिसरा म्हणाला, "ॲसिडिटी आहे, खुशाल हिंडा." तो भावाला फार हुशार वाटला.

शेवटी शिर्क्यांनी हात टेकले आणि निखिलला हवं तसं ठेवून दिलं.

रविवारी शर्यतीत, दुसऱ्याच वळणावर, भावाच्या गाडीतून धुराचा लोट निघाला आणि इंजिन कायमचं गप्प झालं.

बॅनर अजून चौकात आहे. त्यावरचा आकडा जराही कमी झालेला नाही.