शेऱ्याचा रकाना

दामू साळवे गेल्याचा फोन मी उचलला आणि काही न ऐकता ठेवून दिला. संध्याकाळचे आठ वाजले होते. आमच्या बदलापूरच्या घरात आठला वाजणारा फोन म्हणजे दामूच्या मशीनची शिट्टी, आणि ती कानावर पडली की रिसीव्हर खाली ठेवायचा, ही आमची चार वर्षांची रीत. खरं तर दहा दिवसांपासून तो कल्याणच्या हॉस्पिटलात होता, म्हणजे शिट्टी वाजायचं काही कारणच नव्हतं. पण हाताला कोण सांगणार? फोन पुन्हा वाजला. "भाऊजी, ठेवू नका," सुमनवहिनी म्हणाल्या, "हे गेले..." चाळीस वर्षांच्या मित्राच्या मरणाची बातमी मी आधी आपटून ठेवली होती. याला आता दीड महिना झाला.

मृत्युलेखांतला गेलेला माणूस हसतमुख असतो, दिलदार असतो, त्याच्या दारातून कुणी विन्मुख जात नाही. दामू यातलं काहीही नव्हता. तो हट्टी होता, कंटाळवाणा होता आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची जांभई त्याला कधी दिसली नाही. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. मी चामटोलीच्या शेतकऱ्याचा मुलगा, तो अंबरनाथच्या कामगार वस्तीतला. पुढे तो सरकारी कारखान्यात टूलरूमला लागला आणि मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत डिस्पॅचला. टूलरूममध्ये प्रत्येक कामाची नोंद वहीत करायची असते: काम काय, किती वाजता घेतलं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. काम झालं की शेरा, नाही झालं तरी शेरा. बाकीचे लोक ही वही पाळीबरोबर विसरायचे. दामूने ती घरी आणली. गॅसची टाकी कधी लावली, पोरीला ताप किती होता, विहारातल्या पंख्याला तेल कधी घातलं, सगळं रकाने आखून. मी त्याला म्हणायचो, "दाम्या, तू मेलास की तुझ्या वहीत शेरा कोण लिहिणार?" त्यावर तो हसायचासुद्धा नाही. विचार करायचा.

तर हा माणूस एका रविवारी मला उल्हासनगरला घेऊन गेला. मोबाइलचं इनकमिंग तेव्हा नुकतंच फुकट झालं होतं आणि अंबरनाथ स्टेशनबाहेर तासाला वीस रुपयांत सगळं जग दाखवणारी सायबर कॅफेची दुकानं निघाली होती. उल्हासनगरात टेकूभाई म्हणून एक सिंधी व्यापारी होता, परदेशातून आलेला जुना इलेक्ट्रिकचा माल किलोवर विकायचा. त्याच्या गोदामात दोन खोकी होती. प्रत्येकात एक जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात कॉम्प्युटर, मागे टीव्हीची वायर लावायला एक भोक आणि टेलिफोनची लावायला दुसरं. टेकूभाई म्हणाला, "साईं, ये तो पुराने टाइम का इंटरनेट है. टीवी को जोडो, फोन को जोडो, घर में बैठ के बँक देखो, गाडी का टाइम देखो. बिलकुल फॉरेन." खोक्यात एक पुस्तक होतं. त्यात फोटो होता: एक गोरी बाई स्वयंपाकघरात उभी राहून टीव्हीवर बाजारभाव वाचतेय. पंचवीस-एक वर्षांपूर्वीचा फोटो. पण ज्या ऑफिसला फोन लावून हे सगळं यायचं ते ऑफिस तिकडे परदेशात केव्हाच बंद पडलेलं. हे स्वतः टेकूभाईनेच सांगितलं, आणि सिंधी माणूस स्वतःहून मालातली खोट सांगतो तेव्हा तो माल किती दिवस पडून असेल ते ओळखावं.

"ऑफिस बंद असलं म्हणून काय झालं?" दामू म्हणाला. "दोन फोन चालू आहेत ना?"

मला आजही ते वाक्य आठवतं आणि आजही मी तेव्हासारखाच कपाळाला हात लावतो. सगळं जग पुढे निघून गेलेलं, आणि हा माणूस पंचवीस वर्षांपूर्वीच्या भंगारात डोकं घालून मला सांगतोय की पुढचं काहीतरी सापडलं. त्याने दोन्ही खोकी घेतली. एक त्याचं, एक माझं. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्याची योजना अशी. तो रोज संध्याकाळी आठला आपल्या मशीनवरून माझ्या मशीनला फोन लावणार. मी त्या वेळी टीव्ही आणि मशीन चालू ठेवून बसायचं आणि घंटी वाजली की एक बटण दाबायचं, मग त्याने टाइप केलेला मजकूर माझ्या टीव्हीवर उमटणार. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. पाणी कधी येणार, कुणाला रक्त हवंय, विहारात काय कार्यक्रम आहे, कोण आजारी आहे. "आज दोन घरं आहेत," तो म्हणाला, "उद्या प्रत्येक गल्लीत एक मशीन असेल. बातमी काय मोठ्या लोकांचीच असते का रे बबन?" मी हो हो म्हटलं. जोडणीची वायर त्याने स्वतः कापून, सोल्डर करून दिली.

मी पहिले दोन दिवस ते मशीन लावलं. आठला आमच्याकडे मालिका असते. तिसऱ्या दिवशी मंगलने, माझ्या बायकोने, विचारलं, "अहो, ह्या डब्यापायी मी रोज मालिका सोडायची का?" प्रश्न रास्त होता. वायर काढली, मशीनवर क्रोशाचं कव्हर चढलं आणि उंची बरोबर जमते म्हणून त्यावर टेलिफोन ठेवला. तेव्हापासून रोज आठला फोन वाजायचा, आम्ही उचलायचो, बारीक चिरकी शिट्टी ऐकू यायची, ठेवायचो. मंगल तर "आला तुमचा नारद" म्हणून मालिकेवरची नजरही न हलवता ठेवायची.

आणि शनिवारी दामू भेटला की विचारायचा, "वाचलंस?"

"वाचलं," मी म्हणायचो.

"कसं वाटलं?"

"छान आहे."

चार वर्षं. मी स्वतःला सांगायचो की मित्राचं मन राखतोय. खोटं बोलायलासुद्धा मी कष्ट घेतले नाहीत, दरवेळी तेच दोन शब्द. आणि तो मान डोलावून चहा ढवळायचा. मला त्याची कीव यायची. एवढा साधा माणूस, मी म्हणायचो मंगलला, चार वर्षं झाली तरी कळत नाही बिचाऱ्याला.

त्याच्या आजाराचं मला उशिरा कळलं. दोन्ही किडन्या जात चालल्या होत्या, डॉक्टरने सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, आणि हे मला दामूने नव्हे तर त्याच्या शेजाऱ्याने रिक्षा स्टँडवर सांगितलं. मी तडक त्याच्या घरी गेलो आणि भांडलो. "सगळ्या अंबरनाथला माहीत आणि मला नाही? भंगारात घालायला वेळ आहे, मित्राला दोन शब्द सांगायला नाही?" दामू खुर्चीत बसून होता, पाय सुजलेले. म्हणाला, "सांगितलं होतं रे तुला... राहून गेलं असेल." मी म्हटलं, "कधी सांगितलंस? खोटं बोलू नकोस." मी त्याला खोटं बोलू नकोस म्हणालो. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच आत गेल्या. पुढचे तीन शनिवार मी रागाने गेलो नाही.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा गर्दी चांगली होती. ज्या कॉम्प्युटर क्लासवाल्याने दामूला एकदा "काका, हे खेळणं कुठे उचललं" असं पोरांसमोर विचारून हाकललं होतं, तो माइकवर म्हणाला, "साळवेसाहेब काळाच्या पुढे होते." माणूस मेला की तो काळाच्या पुढे असायला कुणाची हरकत नसते. नगरसेवकाने त्याला संगणकतपस्वी केलं आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेला. कारखान्यातल्या ज्यांनी त्याला 'टेलिफोन साळवे' म्हणून पिडलं, ते रुमाल काढून बसले होते. मी एकेकाकडे पाहत होतो आणि मनातून थुंकत होतो. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो, जयभीम केला आणि म्हणालो, "या सगळ्यांनी दामूला ऐकलं नाही. मी त्याचा रोजचा वाचक होतो. चार वर्षं, रोज आठ वाजता." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत वहिनी खाली बघत होत्या. मला वाटलं, गहिवरल्या.

निघताना त्यांनी पिशवीत घालून एक वही दिली. "तुमच्याच नावाची आहे," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन वही उघडली. टूलरूमसारखे रकाने आखलेले. वार, वेळ, पाठवलेला मजकूर, शेरा. टाइप करण्याआधी तो सगळं हाताने लिहायचा. "परवा बदलापूर पूर्वेला पाणी नाही, पाणीखात्यातल्या माणसाने सांगितलं, टाकी भरून ठेव." तो दिवस मला आठवतो, मंगल टँकरच्या रांगेत भांडून आली होती आणि मी नगरपालिकेला शिव्या घालत होतो. पान उलटलं की असंच, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाला ओ निगेटिव्ह हवंय. आणि शेऱ्याच्या रकान्यात पहिले दोन दिवस "मिळालं". मग तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक ओळीत, प्रत्येक पानावर, त्याच्या नेटक्या अक्षरात एकच शेरा: "समोरून उत्तर नाही."

समोरचं मशीन बंद असेल तर आपल्या टीव्हीवर तसं दिसतं. हे त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे. मी ते पुस्तक उघडलं असतं तर मला कळलं असतं. त्याला रोज, आठ वाजून एक मिनिटाने कळत होतं.

आणि दर शनिवारी, त्याच शेऱ्याखाली, वेगळी ओळ: "तोंडी: वाचलं म्हणाला. छान आहे म्हणाला."

डॉक्टरने त्याला आजार सांगितला तो गुरुवार मी वहीत शोधून काढला. "बबन, आज डॉक्टरने सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात जमा. घरात अजून बोललो नाही. तुला आधी सांगतोय. शनिवारी ये, सुमनला कसं सांगायचं ते ठरवू." शेरा: समोरून उत्तर नाही. शनिवार: "तोंडी: वाचलं म्हणाला. छान आहे म्हणाला."

त्याच्यापुढे एक शब्दही जास्त नाही. रागाचा नाही, टोमण्याचा नाही. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं रे दामू. मी तुझी कीव करत होतो आणि तू सगळं माहीत असून माझ्यासमोर चहा ढवळत होतास, मला लाजायला लागू नये म्हणून. माइकवरच्या त्या सगळ्या नालायकांत सगळ्यात मोठा मीच निघालो. ते निदान तुझ्या तोंडावर हसले होते.

शेवटची ओळ हॉस्पिटलातली आहे, अक्षर वाकडं झालेलं. "मशीन कधी लावलंस तर टीव्ही तीन नंबरच्या चॅनेलवर ठेव, दुसरीकडे नुसत्या मुंग्या दिसतात." ही ओळ पाठवायची राहिली, त्यामुळे तिच्यापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

परवा मी फोन स्टुलावर ठेवला, कव्हर काढलं, त्याने सोल्डर केलेली वायर लावली आणि टीव्ही तीन नंबरवर आणला. निळा पडदा आला, कोपऱ्यात एक पांढरा चौकोन लुकलुकत राहिला. मंगल मालिका सोडून शेजारी येऊन बसली. आठ वाजले, सव्वाआठ झाले. मग मी वही पुढ्यात घेतली आणि त्या कोऱ्या रकान्यात 'वाचलं' लिहायला पेन उघडलं. तो शब्द मी चार वर्षं दर शनिवारी वापरून टाकलाय. रकाना अजून कोरा आहे.