साडूचे शेअर्स

प्रॉस्पर एलहरार हा आमच्या वर्कशॉपचा मुख्य कारागीर. योकनाम गावात आमची कंपनी जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधणारी यंत्रं बनवते. मी तिथे स्टोअर सांभाळतो, आणि जवळच्या मिग्दाल हाएमेक गावात आम्ही एकाच इमारतीत शेजारी-शेजारी राहतो. त्यामुळे जे झालं त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि उरलेलं भिंतीपलीकडून ऐकू आलं.

त्याच्या बायकोचं, एस्तेरचं, नाव निघालं की तो खुलायचा. तिची धाकटी बहीण ऑर्ली, तिचंही ठीक. पण ऑर्लीचा नवरा एयाल, म्हणजे त्याचा साडू, त्याचं नाव काढलं की संपलं. गंमत म्हणजे एयालला कंपनीत चिकटवलं ते प्रॉस्परनेच. लग्नानंतर पोरगा बेकार होता, सासूबाईंनी डोळ्यांत पाणी आणलं, आणि हा साहेबांकडे शब्द टाकून आला.

तेव्हा कंपनीची ओढाताण चालली होती. साहेबांनी सगळ्यांना विचारलं, पगारवाढ हवी की शेअर्स? प्रॉस्पर म्हणाला, "शेअर्स दाखवले तर वाणी मला पीठ देणार आहे का?" त्याने पगारवाढ घेतली. एयालने शेअर्स घेतले. प्रॉस्पर कंपनीच्या सगळ्या जेवणघरात हसत सांगत सुटला, "माझा साडू कागद खातो!"

मग कंपनी सावरली, आणि उशिरा का होईना, सगळ्यांनाच शेअर्स मिळाले. जुना माणूस म्हणून प्रॉस्परला बरेच, जवळजवळ एयालइतकेच. आमच्याकडे कायद्याने हे शेअर्स विश्वस्ताच्या ताब्यात ठेवतात. या उशिरा मिळालेल्या शेअर्सना दोन वर्षं व्हायच्या आधीच एका डच कंपनीने आमची कंपनी विकत घेतली.

विश्वस्ताकडून आलेल्या बाईंनी जेवणघरात उभं राहून समजावलं. ज्यांच्या शेअर्सना दोन वर्षं झालीत, त्यांचा चौथा हिस्सा करात जाईल. ज्यांना झाली नाहीत, त्यांचे पैसे पगार धरले जातील, आणि मोठी रक्कम असेल तर जवळजवळ निम्मे जातील.

"एक उपाय आहे," बाई म्हणाल्या. "कर खात्याची परवानगी आली आहे. पैसे दोन वर्षं पुरी होईपर्यंत विश्वस्ताकडेच राहू द्या, मग तुमचाही चौथाच हिस्सा. हवेच असतील तर आत्ताही मिळतील. सही करताना नीट विचार करा."

प्रॉस्परचे सात महिने राहिले होते.

एयालची दोन वर्षं कधीच झाली होती, त्याचे पैसे लगेच आले. त्याने सासूबाईंच्या, फोर्तूनाआजींच्या घरी नवीन एसी बसवून दिला. पुढच्या शुक्रवारी जेवायला सगळे जमले. इतकी वर्षं आजींच्या उजव्या हाताची खुर्ची थोरल्या जावयाची. त्या दिवशी आजी एसीकडे बघत म्हणाल्या, "एयाल, तू इथे बस रे, वारा बघ कसा येतो!" आणि तिखट रश्श्यातला माशाचा पहिला तुकडा त्याच्या ताटात पडला.

प्रॉस्परने ब्रेड मोडला आणि तसाच ठेवून दिला.

जेवणानंतर बाल्कनीत एयाल त्याच्याजवळ आला. "ऐक, पैसे काढू नकोस. सात महिने काय, असे जातात. कशाला निम्मे सरकारला देतोस?"

"तुला काय रे घाई नाही," प्रॉस्पर म्हणाला. "तुझे आले खिशात."

"अरे, तुझ्या भल्याचं सांगतोय."

"माझं भलं तू सांगणार? तुला नोकरी कुणी लावली?"

दुसऱ्या दिवशी तो मला जिन्यात म्हणाला, "कळतंय का तुला? सात महिने त्याने खुर्चीवर बसायचं आणि मी बघायचं. हेच पाहिजे त्याला." मी म्हटलं, एस्तेरला तरी विचार. तो म्हणाला, "बायकांना यातलं काय कळतं."

रविवारी, म्हणजे आमच्याकडे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, कामावर येताच त्याने सही केली. हातात जेमतेम निम्मी रक्कम पडली. मग त्याने जीप घेतली. एयालच्या गाडीपेक्षा मोठी, म्हणून. आजींना तिच्यात चढताच येईना. दोघा जावयांनी काखेत हात घालून त्यांना वर बसवलं. आजी वरून ओरडल्या, "प्रॉस्पर, शिडी वेगळी विकत घ्यायची असते का रे?" एयाल हसला. प्रॉस्परचे कान तांबडे झाले.

सात महिन्यांनी थांबलेल्यांचे पैसे आले. पॅकिंगमधल्या त्झिलाबाईला प्रॉस्परपेक्षा कमी शेअर्स, तरी तिला जास्त मिळाले. ऑर्लीने ही बातमी सहज बहिणीला सांगितली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून एस्तेरचा आवाज आला. ती ओरडत नव्हती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

"थांबता येत होतं?"

"येत होतं."

"आणि तुला ते माहीत होतं?"

"एयाल म्हणाला होता."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "म्हणून नाही थांबलास. दातांसाठी मी दोन वर्षं पैसे साठवतेय, प्रॉस्पर. मला एकदा विचारायचंस तरी."

जीप विकली गेली. एस्तेरचे दात झाले.

नव्या मालकांनी माणसं कमी केली, त्यात एयालची नोकरी गेली. प्रॉस्परला ठेवलं, त्याच्या हाताला तोड नव्हती. एक दिवस तो शीळ घालत आला. दुसऱ्या दिवशी कळलं, एयाल आता रोज अक्को गावी जाऊन समुद्रावर मासे धरत बसतो. "बघ!" प्रॉस्पर मला म्हणाला. "मी इथे कार्ड पंच करतोय, आणि तो वारा खातोय!"

उन्हाळ्याच्या सुट्टीत एस्तेरने त्याला बळेच एयालबरोबर धाडलं. मीही गेलो. सकाळभर प्रॉस्परच्या गळाला शेवाळ लागलं. एयालला दोन चांगले मासे मिळाले.

"तुझ्यापुढे मासेही रांग लावतात," प्रॉस्पर म्हणाला.

एयालने गळाकडे बघत सांगितलं, "त्या रात्री बाल्कनीत मी खरंच भल्याचं सांगत होतो."

"माहीत आहे," प्रॉस्पर म्हणाला. "तेव्हाही माहीत होतं."

निघताना एयालने मोठा मासा त्याच्या पिशवीत टाकला. प्रॉस्परने नको म्हटलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "त्याने स्वतःला ठेवलाय तो जास्त जाड होता का रे?"