कुंकवामागचा काटा

निजामाच्या राजवटीत धाराशिवच्या आमच्या घरी वीज आली, तेव्हा आईनं लक्ष्मी म्हणून मीटरच्या काचेलाच कुंकू फासलं. आतले काटे दिसेनात. मीटर वाचायला येणारा रुमी टोपीवाला कारकून ते पुसायला काही धजेना. दर महिन्याला तो उंबऱ्यातच डोळे मिटून विचारायचा, "माय, पाव्हणे आल्ते? रातीला कोण जागलं?" मग मान डोलवत अंदाजानं आकडा टाकायचा आणि वर खुशीत म्हणायचा, "लई बराबर बसला!"

एका संध्याकाळी त्यानं आकडा सांगितला आणि आई भडकली. "दिवे लावावं आमी अन् ठरवावं तुमी व्हय?" म्हणत तिनं पदरानं काच पुसली. तो टुणकन पुढं झाला. त्यानं सांगितलेल्या आकड्यापेक्षा काटा केसभर मागं होता. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

"थांबा जरा," आई म्हणाली आणि अजून उजेड असतानाच तिनं घरातले सगळे दिवे लावले. आम्ही सगळे मीटरखाली माना वर करून उभे. काटा आकड्याला टेकला, तशी टोपी वर उडवून तो ओरडला, "बसला!"

सगळ्यांत जोरात टाळ्या बिल भरणाऱ्या आईच्याच होत्या.