सोपानआप्पांचं मैदान

सोपानआप्पा गेल्याचं मला एका फ्लेक्सनं सांगितलं. दोन दिवस दौंडला मुलीकडे राहून मी परत आलो आणि गावच्या फाट्यावर उतरलो, तर समोर फ्लेक्स: ‘क्रीडामहर्षी सोपानराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. आप्पांचा फोटो कंपनीच्या आयकार्डावरचा, टपालाच्या तिकिटाएवढा. शेजारी हात जोडून आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, पुरुषभर उंच. नवख्या माणसाला वाटलं असतं, अध्यक्षच गेले... आदल्या दिवशी आप्पा कुरकुंभहून पहिली पाळी करून घरी आले, चहा मागितला आणि कप पुढ्यात येईस्तोवर संपलं होतं.

शोकसभेत अध्यक्ष पाऊण तास बोलले. त्यात आप्पा पाचेक मिनिटं असतील, बाकी स्वतः अध्यक्ष. ज्या माणसाला यांनी मंडळातून घालवलं, तो त्या दिवशी एकदम ‘आमचा मार्गदर्शक’ झाला. मला किळस आली. पण मीही त्याच व्यासपीठावर, त्याच गाद्यांवर बसलो होतो, आणि किळस आलेला माणूस उठून जातो. मी उठलो नाही. म्हणून निदान खरं काय घडलं ते लिहितो.

आमच्या गावातली कबड्डी म्हणजे आळीविरुद्ध आळी, वस्तीविरुद्ध वस्ती. खेळ दहा मिनिटं, हाणामारी तासभर, आणि पुढे वर्षभर एकमेकांच्या दुकानात जायचं नाही. याला परंपरा म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. आप्पा केमिकल प्लांटवरचे ऑपरेटर, बोलायला कमी. एका बैठकीत त्यांनी गळ्यातलं आयकार्ड काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, “ह्यावर रक्तगट लिवलेला हाय. औंदा संघ ह्याच्यावर पाडू. ए एकीकडं, बी एकीकडं, ओ एकीकडं. एबीवाले आन् निगेटिव्हवाले थोडं, त्ये पंच.”

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत, कारण त्यांना आधी कळावं लागतं. कळल्यावर म्हणाले, “आन् आमच्या आळीचा संघ कुठं?”

“आळी खेळत न्हाई साहेब,” आप्पा म्हणाले, “मान्सं खेळत्यात.”

त्या वर्षी बी गटात अध्यक्षांचा पुतण्या, मेंढरं राखून मोठा झालेला वस्तीवरचा एकजण आणि खोल्यांत भाड्यानं राहणारे बिहारचे दोन कामगार एका साखळीत हात धरून उभे होते. भांडायचं तर कुणाशी, हेच कुणाला सुधरेना. घरोघरी सख्खे भाऊ वेगळ्या संघांत! ज्यांना आपला गट ठाऊक नव्हता ते आरोग्य केंद्रात रांग लावून बोटं टोचून घेत होते. भांडण झालं नाही. त्याआधी असं कधी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

पुढच्या वर्षी आप्पांनी बायकांची कबड्डी ठेवली. प्रवेशाची अट एकच: खेळणारीच्या घरचा एक पुरुष मैदानाबाहेर लेकरं सांभाळायला हजर हवा. मी सचिव होतो, मीच घाबरलो. “आप्पा, कोण येणार?” ते म्हणाले, “गुरुजी, बाया तयारच हायत्या. बाप्यांचं बघा.” बाया आल्या. साड्यांचे काष्टे मारून आल्या. आणि अध्यक्षीणबाईही आल्या. नावावर पद असलेल्या घरातून कुणी गेलं नाही तर कसं दिसेल, एवढाच यजमानांचा हिशोब. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत अध्यक्ष नातवाला कडेवर घेऊन कडेला उभे राहिले. आप्पांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, अध्यक्षीणबाईंचा घोटा असा धरला की बाई तोंडावर मातीत. सगळ्या मैदानाच्या नजरा अध्यक्षांकडे... मग बाई उताण्या झाल्या आणि आडव्या पडल्या पडल्या पोट धरून हसायला लागल्या. चाळिसेक वर्षांच्या संसारात त्या अशा हसल्या नसाव्यात, असं त्यांच्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून वाटलं. नेमकं त्याच वेळी नातवानं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आपलं काम उरकलं.

आप्पांना काढायला एवढं पुरलं. महिन्याभरात बैठक बोलावली गेली. ‘स्पर्धेला शिस्त हवी, दर्जा हवा.’ दर्जा म्हणजे अध्यक्षांच्या नावाचा चषक, बाहेरून आणलेले खेळाडू, डीजे, आणि सामन्यापेक्षा लांब सत्कार. शालींचा ढीग कमी झाला की पळत जाऊन आणखी आणणारे कार्यकर्ते. आणि गावची माणसं? खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायला. ठराव हात वर करून झाला. वर गेलेल्या हातांत एक माझा होता. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराशी चप्पल घालताना एवढंच म्हणाले, “गुरुजी, खेळ म्हंजी बघायची गोष्ट न्हवं.” त्यानंतर चार-पाच वर्षं मी त्यांच्या घराची वाट टाळत राहिलो. ते फाट्यावर दिसले की मीच मोबाइल कानाला लावायचो. पलीकडे कुणी नसायचं.

तेराव्यानंतर अध्यक्ष सुमनवहिनींना भेटायला निघाले, सोबत फोटो काढणारा आणि मी. अंगणात पाय ठेवला तर जमिनीवर फक्कीनं आखलेले दोन अर्धगोल, समोरासमोर, प्रत्येकात एक प्लास्टिकची खुर्ची. मी वहिनींना विचारलं. “ज्यांचं गुडघं गेल्यात त्यांच्यासाठी बसून खेळायचा खेळ बसवत व्हते,” त्या म्हणाल्या. “माझं गुडघं गेल्यात ना. रोज मला समोर बसवून चेंडू टाकायचे. आंतर कमी-जास्त करायचे. तीन बारी रेघा पुसल्या आन् पुन्ना मारल्या... ह्या शेवटच्या. झाडताना मी कडंकडनं झाडते.”

अध्यक्षांनी मान हलवली आणि फोटोसाठी चांगला उजेड पाहून अर्धगोलाच्या कडेवर उभे राहिले, हात जोडून.

“साहेब,” वहिनी म्हणाल्या, “रेघंवर पाय हाय तुमचा.”

ते हसले. जागचे हलले नाहीत.

“मागं व्हा.”

आवाज चढला नव्हता. पण ज्या हातांनी त्यांच्या बायकोचा घोटा धरला होता ते हात पदराखालून बाहेर आले होते. अध्यक्ष मागे झाले. फोटो न काढताच दोन मिनिटांत गाडीत जाऊन बसले. मीही निघायला वळलो, सवयीनं, त्यांच्या मागोमाग.

“गुरुजी, तुम्ही कुठं?” त्या एका खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर रबरी चेंडू. समोरची खुर्ची रिकामी होती. “ह्याच वक्ताला खेळायचो आम्ही. बसा.”

गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मी रेघ ओलांडून आत गेलो, खुर्चीवर बसलो आणि हात पुढे केले. पहिला चेंडू मला धरता आला नाही.

“असू द्या,” वहिनी म्हणाल्या, “आणा इकडं. पुन्ना टाकते.”