चपलांचा नंबर

आमच्या दवाखान्याच्या पाटीवर सकाळी नऊ ते एक अशी वेळ लिहिलेली होती. ती वाचून कुणी आला, तर तो माणूस नक्की नवखा. बाकी सगळे एस.टी.च्या वेळेने यायचे. इंदापूरकडची गाडी स्टँडला लागली की बघता बघता व्हरांडा भरायचा, ती गर्दी ओसरली की आम्ही माशा मारत बसायचो. मग भिगवणची गाडी, आणि पुन्हा तीच झुंबड. दवाखाना बारामतीत, स्टँडपासून चालत येण्यासारखा. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. मी बी.कॉम. झालेली, औषधातलं मला ओ का ठो कळत नव्हतं. पण माणसं कुठं अडतात ते कळायचं, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत बाहेरचा सगळा कारभार माझ्या गळ्यात पडला.

नव्वद सालानंतरची ती पहिली काही वर्षं. डॉक्टर एकदा पुण्याला मित्राच्या दवाखान्यात जाऊन आले ते डोक्यात अपॉइंटमेंटचं खूळ घेऊनच. प्रत्येकाला वेळ ठरवून द्यायची म्हणे. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याला मी साडेअकराची वेळ दिली. तो म्हणाला, "बाई, साडेअकराला आमची माघारी गाडी हाय. मी येऊ का जाऊ?" अपॉइंटमेंट तिथंच संपली. मग आले पितळी बिल्ले, नंबर ठोकलेले. लोकांना ते इतके आवडले की ते खिशात घालून घरी न्यायला लागले. एक बिल्ला भिगवणला शेळीच्या गळ्यात बघितला, असं मावशींनी शपथेवर सांगितलं. मावशी म्हणजे झाडलोट, पिण्याचं पाणी आणि गावभरच्या बातम्या, हे तिन्ही सांभाळणारी आमची बाई. मी म्हटलं, जाऊ द्या, शेळी तरी नंबरात आहे.

शेवटी लोकांनीच आपली पद्धत चालू केली. आलेला माणूस व्हरांड्याच्या कडेला चपला काढायचा, पुढच्याच्या चपलांना लागून ठेवायचा आणि खुशाल निघून जायचा. कुणी चहाला, कुणी बियाणाच्या दुकानात. भर उन्हात अनवाणी बाजार करून यायची माणसं, पण चपला रांगेतून हलवायची नाहीत. स्वतःच्या चपला कुठंही ठेवा, दुसऱ्याच्या चपलांना हात लावायचा नाही, एवढा एकच कायदा. तो कुणी मोडल्याचं मला आठवत नाही. कागदावर नंबर लिहायची मी किती तऱ्हा करून बघितल्या होत्या, पण असली शांतता एकाही कागदाने आणली नाही.

रांग लागली तरी गर्दी काही हटेना. मग मी चार दिवस नुसती खुर्ची टाकून बघत बसले, तेव्हा कुठं उजेड पडला. लोक डॉक्टरांपाशी अडतच नव्हते, अडत होते सुईपाशी. सुई टोचल्याशिवाय दवाखान्यात जाऊन आल्यासारखं कुणाला वाटायचंच नाही. "गोळ्या तर दुकानातबी मिळत्यात," असं तोंडावर सांगायचे. म्हणून मी आणखी एक सिस्टर ठेवली आणि दोघींना इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. दोन कंपाउंडर होते, त्यांची जेवणं गाड्यांच्या वेळा सोडून लावली. राहिले डॉक्टर. ते नाडी हातात धरून उसाची लागण, पाण्याची पाळी, थोरल्याचं लग्न, सगळं विचारत बसायचे. त्यांच्यासाठी मावशींना दारात खोकायला सांगितलं होतं. मावशी असं खोकायच्या की डॉक्टरांनी एकदा त्यांनाच तपासायला घेतलं.

नियम मात्र माझा. मध्ये कुणाला घुसवायचं नाही. कारखान्याचे साहेब असोत, पुढारी असोत, चपला रांगेत. सासूबाईंच्या सख्ख्या भावाला मी रांगेत बसवलं, तेव्हा घरात दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. नका बोलू म्हटलं. एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं.

माझं माहेर सणसरच्या बाजूला. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी, म्हणजे आमच्या आबांनी, ती मोडून ऊस लावला आणि मला बारामतीच्या कॉलेजात घातलं. हा नियम मी माहेरी सांगितला, तेव्हा आबा केवढे खूश झाले! "माझ्या लेकीच्या दवाखान्यात पुढाऱ्याचं पायताणबी लायनीत असतंय," असं सगळ्या गावाला सांगत सुटले.

स्वतः मात्र दवाखान्यात कधी यायचे नाहीत. दवाखान्याच्या वरच आमचं घर. बाजाराला आले की जिना चढून वरच्या पायरीवर बसायचे, पिशवीतला फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढायचे, त्यातलं घरनं आणलेलं पाणी प्यायचे, माझी खुशाली विचारायचे आणि उठायचे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. मला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आता होणारही नाही, हे आम्हा दोघांना कळून चुकलं होतं. आबांनाही कळलं असणार. पण तांब्या काही सुटला नाही.

"आबा, पाणी आहे हो, विष नाही," मी एकदा म्हणाले.

"रीत हाय पोरी. तुझ्यावर का राग हाय माझा?"

राग नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जायची. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. ते गेल्यावर मी रडायचे, खोटं कशाला बोलू. त्या तांब्याच्या फिरकीचा आवाज आला तरी मला नको व्हायचं.

तो बाजाराचा दिवस होता. दिवाळी होऊन गेली होती, थंडी चांगलीच पडली होती. एका कंपाउंडरला जेवायला सोडावं की नाही, ते ठरवायला मी रांग किती लांब आहे ते बघायला व्हरांड्यात आले. रांग खालच्या पायरीपर्यंत गेलेली. अगदी शेवटी एक जाडजूड पायताण दिसलं, टायरच्या तळाचं, उजवा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला. ती तार आबांनी माझ्यासमोरच बांधली होती.

पहिल्यांदा मला रागच आला. आले आणि वर आले नाहीत, निरोप नाही. मग मनात आलं, यांचं पायताण रांगेत कशाला?

रांगेच्या पुढे आमच्याच गावची एक बाई तान्हं लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती. तिला विचारलं, "आबा कधी आले?"

"आमच्याच संगं, पयल्या गाडीनं," ती म्हणाली. "माझ्या म्होरं हुतं त्यांचं पायताण. ह्यो रडाय लागला तवा म्हणालं, तू हो म्होरं, आन् आपलं उचलून मागं ठिवलं."

तिच्या मागची म्हातारी म्हणाली, "मलाबी तसंच म्हणालं." तिच्याही मागच्या बाईने मान डोलावली. पहिल्या गाडीने आलेला माणूस कुणाचं लेकरू रडलं, कुणी कण्हलं की स्वतःचं पायताण आपल्या हाताने मागे ठेवत ठेवत भिगवणच्या गाडीतल्यांच्याही मागे गेला होता. रांगेचा कायदा कुठंच मोडला नव्हता.

"त्यांना होतंय काय?"

"छातीवर धोंडा ठिवल्यावाणी झालंय म्हणत हुतं. पर तुमाला सांगू नगा म्हणालं. लेकीचा नियम हाय म्हणालं. समूर चाचाच्या चहाच्या दुकानात बसल्यात."

मी ते पायताण उचललं. का उचललं कुणास ठाऊक. दोन्ही हातात धरून रस्ता ओलांडून चहावाल्या चाचांकडे धावले. दुकानामागच्या बाकावर आबा भिंतीला टेकून बसले होते. टोपी मांडीवर, आणि त्या थंडीत सदरा घामाने चिंब.

"माझा नंबर आला व्हय?" त्यांनी विचारलं. मग माझ्या हाताकडे लक्ष गेलं. "अगं, ते कशाला उचललंस? नंबर गेला न्हवं माझा."

"जळला मेला तुमचा नंबर!" मी ओरडले. सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं.

एका बाजूने चाचा आणि एका बाजूने मी, असं धरून आणलं. रांगेतल्या कुणी हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. ती पट्टी बघताना त्यांचा चेहरा मी बघत होते, त्यामुळे मला विचारावं लागलं नाही. जिभेखाली गोळी ठेवली. गाडी बोलावली, मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. तेवढ्यात सिस्टरने ॲस्पिरिनची गोळी ग्लासभर पाण्यात विरघळवून आणली आणि ग्लास त्यांच्या ओठाला लावला.

आबांनी तोंड मिटून घेतलं.

"मळमळतंय का, बाबा?" सिस्टर विचारत होती. डॉक्टर म्हणाले, "आबा, प्या, वेळ नाही आपल्याकडे." आबांनी जावयाकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं आणि मान हलवली. "माझा तांब्या," एवढंच म्हणाले. तांब्या पिशवीत, पिशवी कुठं राहिली देव जाणे. तिथल्या कुणाला काही उमगलं नाही. मला उमगलं. त्या क्षणी मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मरतील, पण माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत!

मी सिस्टरच्या हातून ग्लास घेतला. आवाज कसा खाली आला ते मला अजून कळलेलं नाही.

"आबा, हे माझ्या घरचं पाणी नाही. हे नळाचं आहे, नगरपालिकेचं. सगळी बारामती पिते."

ते माझ्याकडे बघत राहिले. दवाखान्याला आणि घराला एकच नळ आहे, हे त्यांना माहीत होतं. तो नळ घेतला तेव्हा खड्डा खणायला माणसं त्यांनीच गावाहून पाठवली होती. मग त्यांनी तोंड उघडलं आणि ग्लास रिकामा केला. लगेच गाडी आली.

आबा वाचले. ते मोठ्या दवाखान्यातून सुटण्याआधीच मी दुसऱ्या सिस्टरला इंजेक्शनच्या खोलीतून काढून व्हरांड्यात बसवलं. काम एकच, चपला ठेवायच्या आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि काय होतंय ते विचारायचं. छातीत दुखतंय, धाप लागली, पान लागलं म्हणजे साप चावला, तर थेट आत. बाकीच्यांनी चपला ठेवायच्या. सुईपाशी पुन्हा खोळंबा झाला. लोक कुरकुरले, डॉक्टरही कुरकुरले. दोघी आत असल्या की काम भराभर होतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सुईला उशीर झाला तर लोक मला शिव्या घालतील, घालू देत.

उन्हाळ्यात आबा तपासायला आले. पायताण रांगेच्या शेवटी ठेवायला लागले, तशी सिस्टरने दटावून आत पाठवलं. तपासून झाल्यावर सावकाश जिना चढून वर आले आणि नेहमीच्या पायरीवर बसले. पिशवीतला तांब्या काढून शेजारी ठेवला. मी दारातच उभी होते. फिरकीचा आवाज आता येईल, म्हणून मी तोंड फिरवलं.

आवाज काही आला नाही.

"पोरी," आबा म्हणाले, "जरा नगरपालिकेचं पाणी दे की."

मी स्वयंपाकघरात गेले आणि माठातलं पाणी भरून आणलं. माठ दारातून दिसत होता. आबांनी एकदा माठाकडे बघितलं आणि पाणी प्यायले.